मुकुंदाच्या वर्गात बिबट्या

पुण्याला लोक लग्नाला जातात, दवाखान्याला जातात, पोरांच्या ॲडमिशनला जातात. मी गेलो जळायला. आणि तीन दिवसांत असा काही जळलो की परतीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी न सांगता खिडकी उघडली.

ज्यांनी हडपसर पाहिलेलं नाही आणि पाचवीच्या मुलांची वाचनाची चाचणी कशी घेतात हेही पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो. ज्यांना दोन्ही ठाऊक आहे त्यांनी माझ्या चुका काढायची घाई करू नये. त्या माझ्या मीच काढल्या आहेत, पुढे येतीलच.

आधी दुखणं सांगतो. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा माणूस अजून आमच्या तालुक्यात जन्मायचा आहे. मी गोष्ट सुरू केली की कुंपणापलीकडे नांगराचे बैल थांबतात. एकदा तपासणीला आलेले साहेब गोष्ट ऐकता ऐकता तपासणी विसरले, जेवायला थांबले, आणि संध्याकाळी जाताना मला म्हणाले, "पुढं त्या राजाचं काय झालं ते फोनवर कळवा."

डी.एड.ला माझ्या खोलीत मुकुंद सोनवणे नावाचा प्राणी होता. दोन वर्षांत मिळून तो जेवढं बोलला तेवढं मी रोज दात घासताना बोलतो. कथाकथनाच्या स्पर्धेत मी व्यासपीठावर, आणि मुकुंदा खाली माझी शाल धरून बसलेला. हा मुकुंदा आज हडपसरला महापालिकेच्या शाळेत आहे, त्यालाही पाचवीच आहे. गेल्या वर्षी सगळ्या विभागातल्या पाचव्यांची एकदम चाचणी झाली. सगळ्यांना तोच उतारा, तेच प्रश्न, तेवढाच वेळ. मुकुंदाचा वर्ग सगळ्यात वर. माझा वर्ग कुठे होता? यादी दोन पानांची होती. मी दुसरं पान उलटून मागच्या बाजूला काही छापलंय का, तेही पाहिलं.

आमचे केंद्रप्रमुख सभ्य माणूस. ते म्हणाले, "सर, यंदाही असंच झालं तर पाचवी कदम सरांकडे द्यावी लागेल. तुम्ही पहिली घ्या. पहिलीला गोष्टी लागतात."

मी घरी येऊन ती यादी पुन्हा काढली. मी ठरवलं, मुकुंदा लबाडी करतो. न बोलणारी माणसं आतल्या गाठीची असतात. तो पोरांना उत्तरं सांगत असणार, आणि ते मी पकडणार.

यंदा नियम आला की जिल्ह्याजिल्ह्याची चाचणी वेगळ्या तारखेला, आणि एका जिल्ह्याच्या शिक्षकांनी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन ती घ्यायची. माझ्या वाट्याला कोल्हापूर आलं, कदम सरांच्या वाट्याला हडपसर. कदम सरांची सासुरवाडी कोल्हापूरची. मी त्यांच्यापुढे पांढऱ्या रश्श्याचं असं वर्णन केलं की त्यांनी मधल्या सुट्टीतच अदलाबदलीचा अर्ज लिहिला आणि वर माझेच आभार मानले. चाचणीच्या अहवालात 'शंकास्पद बाब' असा एक रकाना असतो. मी त्यासाठी नवं पेन घेऊन निघालो.

पहिला दिवस : हडपसरवरून हडपसरला

आमच्याकडून फलटण-सासवडवरून येणारी एसटी हडपसरमधूनच जाते. एवढं सोपं होतं. पण दिवेघाटात मी शेजारच्या गृहस्थांना आमच्या विहिरीतल्या बारा हात लांबीच्या माशाची हकीकत सांगायला घेतली, आणि मासा पाण्याबाहेर आला तेव्हा कंडक्टर ओरडत होता, "स्वारगेट! सगळे उतरा!"

स्वारगेटला मी एका बसकडे बोट करून एका माणसाला विचारलं, "हडपसर का?" तो कानात गाण्याची बोंडं घालून मान हलवत होता. मी ती माझ्यासाठी हलवली असं समजून चढलो. पाऊण तासानं बाहेर बघतो तो काचेच्या इमारती. एकीपुढे दुसरी, आणि प्रत्येकीत दुसरीचा चेहरा. गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी टपरीवर उभ्यानं वडापाव खात होती.

"हे हडपसर?" मी एकाला विचारलं.

"काका, ही खराडी. तुम्ही टोटली वेगळ्या साइडला आलात."

बसच्या कंडक्टर बाई खाली उतरून पाणी पीत होत्या. मी जरा चढ्या आवाजात तक्रार केली. त्यांनी आधी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बसला पाटी आहे. मराठीत आहे."

आमच्याकडे एवढ्यावर भांडण झालं असतं, मग चहा झाला असता, मग त्यांचं माहेर कुठलं ते निघालं असतं. इथं बाई गाडीत चढल्या आणि मी रिक्षा शोधली.

मुकुंदाचं घर पाचव्या मजल्यावर. त्याच्या सासऱ्यांची इथं उसाची शेती होती, तिच्यावर इमारत उभी राहिली आणि लेकीच्या वाट्याला हा फ्लॅट आला. म्हणजे ह्याला बायको चांगली मिळाली, घर मिळालं, वर हवा मिळाली. मी गॅलरीत उभं राहून खाली पाहिलं आणि सगळं हडपसर एका नजरेत बघून घेतलं: भाजीबाजार, उड्डाणपूल, दुचाक्यांची रांग, आणि मधोमध एक गाय, तिला कशाचीच घाई नाही. मला त्या गायीचाही हेवा वाटला.

सुनीता वहिनींनी मेथीची पातळ भाजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी पुण्यात येऊन काहीतरी नाजूक, गोडसर मिळेल आणि घरी जाऊन नावं ठेवता येतील या हिशेबानं आलो होतो. भाकरी आमच्या घरच्यापेक्षा पातळ आणि पदर सुटलेली. हे मी घरी सांगितलेलं नाही, इथंही हळू आवाजात लिहितो आहे.

जेवता जेवता मी गळ टाकला. "मुकुंदा, वर्गात करतोस तरी काय रे?"

"काही नाही. वाचायला देतो."

"ते झालंच. पण त्यानंतर?"

"परत वाचायला देतो."

"बघा वहिनी, मित्रापासूनसुद्धा लपवतो."

वहिनी हसल्या. "भाऊजी, ह्यांचं असंच हाय. परवा मी म्हटलं, भाजीला मीठ कमी पडलंय. तर विचारतात, कितव्या घासाला?"

मुकुंदानं भाकरीचा तुकडा मोडला. लबाड. मनात म्हटलं, उद्या बघतो.

दुसरा दिवस : काळी अक्षरं

शाळेच्या मुख्याध्यापिका केळकर बाई. रोज पेठेतून स्कूटरवर येतात. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वेळेवर आलात. छान. कालपर्यंत आपण खराडीत होता असं ऐकलं."

त्यांच्यासमोर सीलबंद पाकीट फोडलं. आत उताऱ्याच्या पुस्तिका आणि एक सूचनापत्र. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, ही चाचणी घेणं म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. सूचनापत्रात काही ओळी ठळक काळ्या असतात. परीक्षकानं तेवढ्याच मोठ्यानं वाचायच्या. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. कारण साताऱ्याच्या पोराला आणि हडपसरच्या पोरीला एकच गोष्ट एकाच शब्दांत कळली पाहिजे, नाहीतर मोजमाप कसलं? मुलांनी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: 'तुम्हाला समजले तसे लिहा.' वर्गशिक्षकानं बाहेर थांबायचं.

मुकुंदा बाहेर व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसला. जाताना त्यानं पोरांना डोळा मारला नाही, खोकला नाही, फळ्यावर खूण सोडली नाही. मी सगळं तपासलं. टेबलाखाली वाकूनसुद्धा पाहिलं. तिथं एक खोडरबर होतं.

वर्गात एकतीस मुलं. मी काळ्या ओळी वाचल्या. शेवटची काळी ओळ होती, 'उताऱ्याचे नाव आहे : सखूची म्हैस.'

इथं थांबायला हवं होतं. पण वाचकहो, तुम्हीच विचार करा. समोर एकतीस पोरं, बासष्ट डोळे, सगळी गप्प, आणि माझ्या हातात म्हैस! उतारा मी वाचलेला नव्हता. पण म्हैस म्हटल्यावर उतारा कशाला लागतो? माझं तोंड आपोआप उघडलं.

"ही सखू म्हणजे तुमच्याएवढीच बरं का! आणि तिची म्हैस म्हणजे ह्या टेबलाएवढं नुसतं डोकं! एकदा संध्याकाळ झाली, गुरं परत आली, आणि म्हैस नाही! डोंगराच्या कपारीत दोन हिरवे दिवे चमकले. दिवे नव्हते ते. बिबट्या!"

मागच्या बाकावरची दोन पोरं पुढं सरकली. मी बिबट्याची शेपटी हलवली, सखूच्या हातात कोयता दिला, म्हशीला करवंदीच्या जाळीत लपवलं, दम धरायला लावला. पाच मिनिटं. एकाही पोराची पापणी लवली नाही. व्हरांड्यात बसलेल्या मुकुंदाच्या पाठीकडे पाहून मला एवढं गार गार वाटलं म्हणून सांगू! हे बघ, म्हटलं, तुझी पोरं कुणाची झाली.

मग घंटा झाली आणि पुस्तिका उघडल्या. दहा मिनिटांनी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. खुशबू तिचं नाव. बाप खराडीला इमारतींत फरशा बसवतो, घरी हिंदीच्याही पलीकडची कुठली तरी बोली.

"सर, एक विचारू? तुम्ही सांगितलं ते लिहायचं का उताऱ्यातलं?"

मी नियमाप्रमाणे म्हणालो, "तुम्हाला समजले तसे लिहा."

"मग उताऱ्यातलं," ती म्हणाली आणि खाली मान घालून कामाला लागली.

वेळ संपल्यावर पुस्तिका गोळा करून मी चाळल्या. उताऱ्यात बिबट्या नव्हता. म्हैस दुपारभर ओढ्यात डुंबत बसली होती, बस्स. प्रश्न होता, म्हैस घरी उशिरा का आली? पर्यायांमध्ये एक होता, 'जंगली जनावराला घाबरून लपली होती.' चुकीचे पर्याय रचणारे लोक हुशार असतात. न वाचता डोक्यातून उत्तर देणाऱ्यासाठी ते असं एक बीळ करून ठेवतात. मी पाच मिनिटं घसा फोडून एकतीस पोरांना त्याच बिळाकडे हाकलत नेलं होतं, आणि तीस जणांनी खूण केली होती ओढ्यावर.

एकच गडी सापडला. ओंकार. दोन महिन्यांपूर्वी शाळेत आलेला. त्यानं जनावरावर खूण केली होती, शेजारी पेन्सिलनं बारीकशी शेपटीही काढली होती. मला त्याला कडेवर घ्यावंसं वाटलं.

आणि तिथंच, मुकुंदाच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी माझ्या वर्गाला कुंभाराचा उतारा आला होता. लाकडं ओली होती म्हणून भट्टी विझते, एवढं साधं. माझ्या निम्म्या पोरांनी लिहिलं होतं, भट्टीत भूत राहतं. ते भूत माझं होतं. मी त्यांना आदल्या महिन्यात सांगितलेलं. ती उत्तरं मी तेव्हा सगळ्या शिक्षकांना दाखवत फिरलो होतो, काय कल्पनाशक्ती आहे बघा म्हणून! माझ्या पोरांना वाचता येत नाही असं नाही. त्यांना वाचायची गरजच मी कधी पडू दिली नव्हती. धडा निघाला की तो मी सांगून मोकळा. पुस्तकाला तोंड उघडायला मी जागाच ठेवत नसे.

अहवाल भरायला बसलो. 'परीक्षकाने सूचनांव्यतिरिक्त काही सांगितले का? होय / नाही.' होय म्हटलं तर झालेली चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी राखीव उताऱ्यावर पुन्हा. नाही म्हटलं तर मुकुंदाचा वर्ग पुन्हा वर आणि मी मोकळा, दुपारी हवं तर येरवड्याला मावशीकडे जायला.

मी 'होय'वर खूण केली. लगेच हार घालू नका. खरं कारण सांगतो: राखीव उतारा अवघड असतो असं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरं कंटाळलेली असतील, चुकतील. आयुष्यात एवढा प्रामाणिकपणा मी एवढ्या वाईट हेतूनं कधी केला नव्हता.

केळकर बाईंनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपण चाचणी घ्यायला आला होता ना? कीर्तनाचं पत्रात काही नव्हतं."

"उद्या परत घेतो, बाई."

"घ्या. आणि उद्या म्हैस निघाली तर तिला उताऱ्यातच राहू द्या."

संध्याकाळी गॅलरीत मुकुंदा शेंगा सोलत होता. मी अपराधी चेहरा करून विचारलं, "रागावलास?"

"कशाला?"

"अरे, तुझ्या वर्गात बिबट्या सोडला मी!"

"किती जण सापडले त्याला?"

"एक. ओंकार."

"त्याला अजून महिनाभर लागेल," मुकुंदा म्हणाला आणि पुढची शेंग घेतली.

तिसरा दिवस : चाळीस मिनिटं

राखीव उतारा खरोखर अवघड होता. एक गावकरी नवा रस्ता नको म्हणतो, आणि का नको ते कुठंच सरळ सांगितलेलं नाही. दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं जोडून ते काढायचं. मी काळ्या ओळी वाचल्या आणि दातांवर दात दाबून गप्प बसलो. चाळीस मिनिटं गप्प बसणं काय असतं, हे मला विचारा. विसाव्या मिनिटाला माझ्या कानशिलात कुणीतरी हातोडी मारतंय असं वाटलं. तिसाव्याला मला आमची विहीर आठवायला लागली, आणि मासा.

पण मग दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी पोरांकडे पाहिलं. चाचणी म्हणजे खूण करून मोकळं होणं, असं माझं मत. ही पोरं प्रश्न वाचून परत उताऱ्यात जात होती. बोट ओळीवरून सरकायचं, थांबायचं, मागं फिरायचं. शेतात हरवलेलं खुरपं शोधावं तसं. खुशबूनं एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली, दुसरीखाली मारली, दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं आणि स्वतःशीच हसली. कुणी सांगितलेल्या विनोदाला माणूस असं हसत नाही. मला ते हसू माझ्या वर्गात हवं होतं.

आणि ओंकार! त्यानं आधी एका पर्यायावर खूण केली. मग बोट धरून उताऱ्यात मागं गेला. थबकला. टेबलाखालचं ते खोडरबर त्याचंच असावं. ते माझ्याकडून हातानंच मागून घेतलं, खूण पुसली आणि नवी केली. माझा एकुलता एक श्रोतासुद्धा फितूर झाला.

या खेपेला शंकास्पद बाब नव्हती. रकाना कोरा राहिला. नव्या पेनानं फक्त सही केली.

मधल्या सुट्टीत शाळेची खिचडी आली. पोरं ताटल्या घेऊन माझ्याभोवती बसली. मी सहज म्हणून सोडून दिलं, "आमच्या गावात खराखुरा बिबट्या येतो. मी त्याला कान धरून बाहेर काढला होता."

"कुठल्या ओळीत?" एक पोरगं म्हणालं आणि सगळी खिदळली.

"म्हणजे काय रे?"

खुशबूनं समजावून सांगितलं. "सर, आमचे सर धडा सांगत नाहीत. आम्ही मनात वाचतो. मग एकानं प्रश्न विचारायचा. ज्यानं उत्तर दिलं त्यानं ओळ दाखवायची. ओळ नाही दाखवली तर उत्तर बाद."

"आणि तुमचे सर काय करतात?"

"ते पण वाचतात."

एवढंच. हेच गुपित. त्यासाठी मी कदम सरांना सासुरवाडीला धाडलं होतं.

तेवढ्यात ओंकार म्हणाला, "सर, आता तर पेपर नाही. बिबट्याची गोष्ट पूर्ण करा ना. म्हशीचं काय झालं?"

मग मी सांगितली. अर्धा तास सांगितली. बिबट्याचे दोन केले, ओढ्याला पूर आणला, सखूला म्हशीच्या पाठीवर बसवून पैलतीराला नेलं. खिचडी गार झाली. केळकर बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. मुकुंदा पोरांत मांडी घालून बसला होता.

मला सोडायला तो गाडीतळाच्या एसटी थांब्यापर्यंत आला. एसटी यायची होती. तो अचानक म्हणाला, "स्पर्धेत तुझी शाल धरून बसायचो ना, तेव्हा फार जळायचो तुझ्यावर."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"वर्गात पहिल्या वर्षी तुझ्यासारखं सांगून बघितलं. पोरं जांभया द्यायची. मला जमतच नाही सांगायला. मग म्हटलं, वाचू दे त्यांना."

मुकुंदाच्या तोंडून एका दमात निघालेलं एवढं मोठं भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या कुणाचं मन विरघळलं असतं. माझं आणखी पेटलं. हा माझ्यावर जळला आणि त्यातून एक वाचणारा वर्ग उभा राहिला. मी ह्याच्यावर जळलो आणि त्यातून काय निघालं? एसटीचं तिकीट.

घरी

सोमवारी वर्गात गेलो. आमच्या शाळेची चाचणी पुढच्या महिन्यात, पाचवी माझ्याकडे राहायची की जायची ते त्यावर ठरणार. पुस्तकातला नवा धडा उघडायला सांगितला, "मनात वाचा" म्हणालो आणि खुर्चीवर बसलो. पोरं वाट बघत राहिली. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मी ओठ आवळून पुस्तकात बघत होतो. शेवटी सारिका उठली, जवळ आली आणि माझ्या तोंडाकडे काळजीनं बघत म्हणाली, "गुरुजी, घसा बसलाय व्हय?"

काय सांगणार? मी मान हलवली.

"गप बसा रं! गुरुजीस्नी बोलता येत न्हाई. वाचा गुमान!" तिनं वर्गाला दम भरला. आणि पोरं वाचायला लागली. अडखळत, ओठ हलवत, शेजाऱ्याला कोपर मारत, पण पुस्तकात बघून.

दुपारपर्यंत तीन घरांतून हळदीचं दूध आलं आणि एका घरातून काढा. तो काढा एवढा कडू होता की त्यापुढे कडुनिंबाचा पेढा झाला असता. मी सगळं प्यालो. पंधरा दिवस होत आले, माझा घसा अजून बसलेला आहे. रोज अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माझ्या पोटात गोष्टी अशा धडका मारतात की शर्टाचं एक बटण तुटलं. काल सारिकानं एका पोराला विचारलं, "ह्यात कुठं लिवलंय तसं? दाव." मी पुस्तकामागं तोंड लपवलं, कारण चेहरा घसा बसलेल्या माणसासारखा राहिला नव्हता.

मुकुंदाला हे कळवलेलं नाही, कळवणारही नाही. तो ऐकून घेईल, शेंगा सोलेल आणि म्हणेल, "बरं झालं." दोन शब्द. तेवढंच सांगायला मला एवढी पानं लागली.